कोमल गंधार पेटीत कुठे असतो?

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मी दोन वर्षं पेटी शिकते आहे. माझी पट्टी काळी चार. मुलगा कीबोर्डच्या ग्रेड परीक्षेची तयारी करतो. त्याच्या पुस्तकात एकाच काळ्या पट्टीला कुठे एफ शार्प म्हटलंय, कुठे जी फ्लॅट. मी पांढरी एकवर वाजवते तेव्हा तीच पट्टी माझा तीव्र मध्यम असते आणि काळी चारवर गेले की तीच कोमल निषाद होते. मग काळी पट्टी म्हणजे नक्की काय, कोमल की तीव्र? दुसरं, आमच्या बाई दरबारी राग ऐकवताना म्हणाल्या, याचा गंधार पेटीत नाही. मग असतो कुठे? आणि तिसरं, हौसेने बासरी घेतली. कोमल स्वरासाठी अर्धं भोक उघडलं की ती किंचाळते. काय चुकतंय?"

ताई, प्रश्न तीन आहेत, पण माझ्या मनात ते एकाच गाठीपाशी येऊन थांबतात. मी तीस वर्षांहून जास्त काळ पेटी शिकवते, गाण्याला साथ करते. बासरी आठ वर्षं रीतसर शिकले, शिकवते मात्र फक्त नवशिक्यांना. तुमच्यासारखा गोंधळ माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा होतो. दोष त्यांचा नसतो. आपण स्वर शिकवताना आधी बोट दाखवतो आणि कान नंतर, त्यामुळे हे होतं.

आधी काळी पट्टी. आपल्याकडे "पट्टी" हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. पेटीवर दाबायची ती पट्टी, आणि "तुमची पट्टी कोणती?" असं गायकाला विचारतो तीही पट्टी, म्हणजे त्याचा षड्ज, त्याचा सा. शिकताना हे दोन अर्थ मनात वेगळे ठेवा. काळी पट्टी ही पेटीवरची फक्त एक जागा आहे. तिथे कोणता स्वर राहायला येणार हे तुमचा षड्ज कुठे आहे त्यावर ठरतं.

तुमचंच उदाहरण घेऊ. सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजतात, पांढरी एक म्हणजे मुलाच्या कीबोर्डवरचा सी. काळी चारला सा धरला. आता रिषभ काळी पाचवर, शुद्ध गंधार वरच्या पांढरी एकवर, मध्यम काळी एकवर, पंचम काळी दोनवर, धैवत पांढरी चारवर, निषाद पांढरी पाचवर. हे झाले शुद्ध. विकृत स्वर, म्हणजे कोमल आणि तीव्र, कुठे येतात पाहा: कोमल रे पांढरी सहा, कोमल ग पांढरी सात, तीव्र म पांढरी दोन, कोमल ध पांढरी तीन, आणि फक्त कोमल नी काळी तीनवर. पाचांपैकी चार पांढऱ्यांवर! काळी एकवर गाणाऱ्या माणसाचं तर याहून विशेष. त्याचे पाचही विकृत स्वर पांढऱ्यांवर येतात, आणि सा, रे, म, प, ध हे पाच काळ्यांवर. आज रात्री पेटी उघडून काळी एकवरून भैरवीचे स्वर एकदा वाजवून बघा. रे, ग, ध, नी हे चारही कोमल एकेक करून पांढऱ्यावर पडतील. माझ्या वर्गात "काळं म्हणजे कोमल" असं पाठ केलेलं मूल आलं की मी पहिल्याच दिवशी हे वाजवायला लावते. नंतर समजावून सांगायची गरज उरत नाही.

पांढरी एकवर सा धरला तरच पाचही विकृत स्वर काळ्यांवर येतात. शाळेत आणि पुस्तकांत चित्रं त्याच पट्टीची असतात, म्हणून हा समज घट्ट बसतो.

आता एकाच पट्टीची दोन नावं. मुलाचं पुस्तक बरोबर आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकातल्या प्रत्येक अक्षराला एकदा आणि एकदाच जागा द्यायची असते. जीपासून मेजर स्केल लिहिलं तर जी, ए, बी, सी, डी, ई आणि मग एफ शार्प. त्याला जी फ्लॅट म्हटलं तर जी दोनदा येईल आणि एफ गायब होईल. एफपासून लिहिलं तर चौथा स्वर बी फ्लॅट, कारण ए आधीच येऊन गेला आहे. आपल्याकडेही हीच शिस्त आहे, फक्त आपण तिचा उच्चार करत नाही. यमनमध्ये ग आणि प यांच्या मधल्या स्वराला आपण तीव्र मध्यम म्हणतो, "कोमल पंचम" म्हणत नाही. म्हटलं तर यमनला मध्यमच उरणार नाही. शिवाय पंचम आणि षड्ज अचल, त्यांना कोमल-तीव्र होण्याची मुभा नाही. ललतमध्ये दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात, तरी दोघांचं घराणं मध्यमाचंच राहतं.

आपली स्वरलिपी घडवणारे भातखंडे मुंबईचेच, वाळकेश्वरला जन्मलेले. त्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिली. तुमच्या वहीत बहुधा त्याच खुणा असतील. ती रेघ काळ्या पट्टीची खूण नाही. या स्वराने आपली शुद्ध जागा सोडली आहे, कोमल असेल तर खाली, मध्यम असेल तर वर, एवढंच ती सांगते. तुम्ही काळी चारवर असा नाहीतर पांढरी दोनवर, वहीतली रेघ बदलत नाही. बोट बदलतं.

मुलासाठी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. आपल्या भाषेत चार शब्द आहेत आणि ते सोन्यासारखे आहेत: कोमल, तीव्र, उतरा, चढा. कोमल आणि तीव्र ही स्वरांची नावं. उतरा आणि चढा हे स्वर लागल्यावर कानाने दिलेले निकाल. कोमल गंधारसुद्धा चढा लागू शकतो, तीव्र मध्यमसुद्धा उतरा लागू शकतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी शार्प आणि फ्लॅट हेच शब्द आहेत. स्टुडिओत "शार्प होतंय" म्हटलं की ते सुराबद्दलचं बोलणं असतं, स्वराच्या नावाशी त्याचा संबंध नसतो. आणि थोडासाच हुकलेला असेल, एवढासा, तर आपण त्याला कणसूर म्हणतो. बेसूर आणि कणसूर यांतला फरक ज्याला ऐकू यायला लागला त्याची तालीम खरी सुरू झाली, असं मी मानते.

तर आता दरबारीचा गंधार.

तुमच्या बाई बरोबर बोलल्या. का, ते समजायला थोडं गणित लागतं, पण ते घाबरण्यासारखं नाही. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा, पुस्तकांत तसाच धरतात. तानपुरा नीट जुळला असेल तर खर्जाच्या तारेतून, म्हणजे १२० च्या तारेतून, एक बारीक गंधार आपोआप ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे तिच्या पाचपट, ६०० कंपनांचा. त्याच्या खालच्या सप्तकातला गंधार ३०० चा. हा शुद्ध गंधार माणसाने ठरवलेला नाही, तारेतून निघालेला आहे. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. त्या हिशेबाने पेटीचा गंधार येतो ३०२.४. म्हणजे चढा. तानपुऱ्यासोबत तो धरून ठेवला तर ६०० आणि ६०४.८ यांची टक्कर होते आणि सेकंदाला जवळपास पाच हेलकावे ऐकू येतात. शांत खोलीत ते स्पष्ट कळतात. मी एकदा एका दहा वर्षांच्या मुलीला विचारलं, काय ऐकू येतंय? ती म्हणाली, "पंख्यासारखं काहीतरी हलतंय." अगदी तेच.

कोमल गंधाराचं उलट. पंचमाशी गोड जुळणारा कोमल गंधार २८८ चा, आणि पेटीवरचा २८५.४ चा. म्हणजे पेटीचा शुद्ध गंधार चढा आणि कोमल गंधार उतरा. पंचमात फरक नगण्य आहे, तो कानाला बोचत नाही. तक्रार आहे ती गंधार, धैवत, निषाद, कोमल रिषभ यांच्याकडून.

मग तुम्ही म्हणाल, दरबारीचा गंधार तर उतराच हवा, पेटीवर तो उतरा आहेच की! इथेच मेख आहे. दरबारीचा गंधार रिषभाच्या बाजूला झुकतो, माझ्या कानाला तो पेटीच्या पट्टीच्याही खाली जातो आणि तिथे थांबत नाही. तो आंदोलित आहे. मध्यमाचा आधार घेऊन सावकाश हलत राहतो, आणि त्या हलण्याची गती, त्याचं वजन, हाच राग. एकाच उंचीवर स्थिर उभ्या असलेल्या सुरीने, म्हणजे पेटीतल्या पितळी पातीने, ते करायचं कसं? तोडीचा गंधार अतिकोमल, भीमपलासीचा मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन येणारा. तीनही रागांत वहीत एकच खूण, ग खाली रेघ. गाताना तीन वेगळे स्वर.

म्हणून तर १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. मला त्या बंदीचं समर्थन करायचं नाही. पेटीने गावोगाव गाणं पोचवलं, कीर्तनाला, नाटकाला, भजनाला आधार दिला, आणि मुंबईत गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी तिच्यातून असं काही काढलं की मर्यादेची आठवण राहत नसे. पण आक्षेप निराधार होता असंही मी म्हणणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा कान खरा होता.

यावर उपाय शोधणारेही झाले. युरोपातही जुन्या काळी काही ऑर्गनांवर काळी पट्टी मधून चिरून दोन केलेली असे, एक भाग जी शार्पचा आणि दुसरा ए फ्लॅटचा, कारण त्यांच्या तेव्हाच्या जुळणीत हे दोन स्वर वेगळे होते. आपल्याकडे सांगलीच्या कृ. ब. देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांच्या, पेटीसाठी आयुष्य वेचलं. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली, तिच्यात पट्टीखालच्या खुंट्या ओढून स्वर वरखाली करता येतो. साधा मार्ग म्हणजे आपली पेटी एकाच षड्जावर गंधार ट्यूनिंगने, म्हणजे तानपुऱ्याच्या गंधाराशी जुळेल अशी, लावून घेणं. कारागीर सुरीच्या टोकाकडे घासून स्वर चढवतो, बुंध्याकडे घासून उतरवतो. स्वतंत्र पेटीवादन करणारे असं करून घेतात. पण मग ती पेटी त्या एका पट्टीचीच होते. दुसऱ्या षड्जावर गेलात की गंधार आणखी बिघडतो, आणि स्केल चेंजर असला तरी सुटका नाही, कारण त्यात फक्त पट्ट्यांची पाटी सरकते, सुऱ्या होत्या तिथेच राहतात. तुम्ही शिकताय, कधी पांढरी एक, कधी काळी चार. तुम्ही इतक्यात हे करू नका.

तुम्ही काय करायचं ते सांगते. साथ करताना मी दरबारीत गंधारावर थांबत नाही. गायक आंदोलन घेत असेल तर माझा हात रिषभावर किंवा षड्जावर असतो, अगदी हलका, किंवा मी भाताच सावकाश सोडते. गंधार दाखवायचाच असेल तर मध्यमाच्या कणाने स्पर्श करून लगेच रिषभावर उतरते. ऐकणाऱ्याचा कान मधलं अंतर स्वतः भरून घेतो. हे मला कळायला किंमत मोजावी लागली. पंचविशीत असताना पार्ल्यातल्या एका बैठकीत एका ज्येष्ठ गायकांना साथ करत होते. दरबारीचा गंधार त्यांनी लावला आणि मी उत्साहाने तीच पट्टी दाबून धरली. ते गाता गाता थांबले नाहीत, रागावले नाहीत. फक्त डावा हात माझ्या भात्याच्या दिशेने हलकेच खाली केला. मी आवाज बंद केला. पुढचा अर्धा तास तो गंधार मी फक्त ऐकला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा तो दिसला. घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत गुणगुणत बसले होते.

पट्टी अर्धवट दाबून स्वर थोडा उतरवता येतो, असं कुणी सांगेल. येतो, किंचित. पण आवाज दबतो, प्रत्येक पट्टीला वेगळा परिणाम होतो, आणि हाताला वाईट सवय लागते. या वाटेला जाऊ नका.

कान तयार करायला मी एक रियाज देते, तो मनापासून सांगते, कारण त्याने माझ्या विद्यार्थ्यांचं जेवढं भलं झालं तेवढं दुसऱ्या कशाने झालं नाही. कोमल स्वर "शुद्धाच्या थोडं खाली" असा शोधायचा नाही. "थोडं" म्हणजे किती हे गळ्याला कळत नाही. प्रत्येक विकृत स्वराला एक जोडीदार असतो, आणि त्या जोडीदाराचं नातं तुम्हाला आधीच येतं: सा आणि शुद्ध ग यांचं नातं. कोमल गंधाराला क्षणभर षड्ज माना, पंचम त्याचा शुद्ध गंधार होतो. कोमल धैवताला षड्ज माना, तारषड्ज त्याचा गंधार. कोमल रिषभाचा गंधार म्हणजे मध्यम. कोमल निषादाचा गंधार म्हणजे तार रिषभ. आणि तीव्र मध्यम हा स्वतःच शुद्ध रिषभाचा गंधार.

तानपुरा लावा, मोबाइलवरचा चालेल, पण स्पीकरवर लावा, कारण फोनमधून खर्ज नीट ऐकू येत नाही. पेटी बंद ठेवा. पंचम गा, चांगला स्थिर होऊ द्या. मग मनात "हा गंधार आहे" असं धरून त्याचा षड्ज शोधत खाली या. जिथे गळा विसावतो तो २८८ चा कोमल गंधार. आता त्यावर थांबून पेटीची पट्टी दाबा. पेटी खाली आहे हे ऐकू येईल. पहिल्या आठवड्यात येणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात येईल. ज्या दिवशी ऐकू येईल त्या दिवशी तुमच्या बाईंचं वाक्य तुमचं झालं. इथून दरबारीचा गंधार वेगळा शिकायचा, गुरूच्या गळ्यातून, रिषभाकडे झुकवत. तो असा हिशेबाने सापडत नाही, पण हे घर पक्कं असेल तर तिथून किती खाली गेलो हे तरी कळतं.

याच कामासाठी लोकलचा प्रवास फार उपयोगी आहे. मुलुंड ते दादर मनातल्या मनात पंचम धरून कोमल गंधार शोधत जा. ओठ हलवायचीही गरज नाही.

आता बासरी. तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण बासरीवर कोमल स्वर तुमच्या स्वाधीन असतो. पेटीवाल्याला ते सुख नाही.

तोंडाकडून भोकं मोजा. वरची तीन बंद केली की सा. दोन बंद ठेवून रे, एक बंद ठेवून शुद्ध ग. सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम, आणि पहिलं भोक अर्धं झाकलं की शुद्ध मध्यम. हे पेटीवाल्याला आधी उलटं वाटतं, शुद्ध स्वराला अर्धं बोट आणि तीव्राला मोकळी नळी. सहाही बंद केली की पंचम, पाच बंद म्हणजे धैवत, चार बंद म्हणजे निषाद. मग कोमल रे म्हणजे पहिली दोन बंद आणि तिसरं अर्धं. कोमल ग म्हणजे पहिलं बंद आणि दुसरं अर्धं. कोमल ध म्हणजे पाच बंद, सहावं अर्धं. कोमल नी म्हणजे चार बंद, पाचवं अर्धं. बासरीवादक पन्नालाल घोष १९४० मध्ये मुंबईत आले, इथल्या चित्रपटसृष्टीत वाजवलं, आणि मोठ्या बासरीला त्यांनी तीव्र मध्यमासाठी सातवं भोक पाडून घेतलं. तुमची बासरी बहुधा सहा भोकांची असेल, तिच्यावर सुरुवातीला काही अडत नाही.

किंचाळतं ते का? बहुतेक वेळा दोष अर्ध्या भोकाचा नसतो. अर्धं भोक करायला बोट हललं की त्याच्या धक्क्याने वरच्या बंद भोकांपैकी एखादं केसभर उघडं पडतं. नळीत वरच्या भागात अशी बारीक फट झाली की हवेचा स्तंभ फुटतो आणि स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. तुम्हाला ऐकू येणारी किंचाळी ही ती उडी. खातरी करायची तर सा धरा, दीर्घ आणि स्थिर. मग तिसरं बोट न हलवता फक्त पहिल्या बोटाचा दाब थोडा सैल करा. तोच आवाज येईल.

उपाय असा. बोटांची टोकं लावू नका, पेरांचा मऊ भाग लावा. मोठ्या बासरीवर तर दुसरा इलाजच नाही. आणि अर्ध्या भोकासाठी बोट उचलू नका, कुशीवर वळवा, जसं झोपेत माणूस कूस बदलतो तसं. बोटाचा एक काठ भोकाला चिकटलेलाच राहतो, दुसरा उघडतो. "अर्धं" या शब्दाला फार धरून बसू नका. कोमल रिषभाला एखाद्या बासरीवर अर्ध्याहून कमी उघडावं लागतं, कोमल गंधाराला थोडं जास्त. बोट सांगणार नाही, कान सांगेल. म्हणून वरचा गाण्याचा रियाज आधी, बासरी नंतर. भैरवचा कोमल रिषभ आंदोलित असतो. तो बासरीवर काढताना बोटाची कूस सावकाश सा आणि रे यांच्या मधे हलवत ठेवता येते. पेटीवर जे जन्मात जमणार नाही ते इथे महिन्याभराच्या मेहनतीने जमतं. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बासरी खाली ठेवून रडले होते.

फुंकेचंही काम आहे. बासरी ओठाकडे वळवली, फुंकायचं भोक जास्त झाकलं, की स्वर उतरतो. बाहेर वळवली की चढतो. जोरात फुंकलं की चढतो. नवशिक्या माणूस वरच्या सप्तकात जोर लावतो आणि सगळं चढं वाजतं, खालच्या सप्तकात फुंक मंद होते आणि सगळं उतरतं. बोटांचा दोष शोधण्याआधी हे तपासा.

आणखी एक, मुंबईत राहून हे माहीत हवंच. बासरीतल्या हवेचं तापमान एक अंश वाढलं की स्वर अर्धस्वराच्या, म्हणजे पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या, सुमारे शतांश तीन भागाने चढतो. घरात मे महिन्यात ३४ अंशात रियाज केला आणि सभागृहात २४ अंशांच्या वातानुकूलित हवेत वाजवायला बसलात तर स्वर जवळजवळ अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाने उतरू शकतो. फुंकेने नळी गरम होते म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण पडतो. पेटीच्या सुऱ्यांना त्या मानाने फारसं काही होत नाही. म्हणून बासरी आणि पेटी एकत्र असेल तर आधी बासरी फुंकून गरम करून घ्यायची आणि मग सा जुळवायचा. पेटीला वेगळीच काळजी, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. जून ते सप्टेंबर तिला भिंतीपासून लांब ठेवा, कापडात गुंडाळलेली, रोज थोडी वाजवलेली.

बाकीच्या वाद्यांचं थोडक्यात, कारण तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलगा कधीतरी विचारेल. गिटारवर एक पडदा म्हणजे एक अर्धस्वर, १२ पडद्यांवर सप्तक पूर्ण. तार जोरात दाबली किंवा बाजूला ओढली की स्वर चढतोच, उतरत नाही. सतारीचे पडदे सरकतात, त्यामुळे कोमल रिषभ-धैवतासाठी वादक राग बदलताना पडदा हलवतो आणि कान लावून जागा ठरवतो. व्हायोलिनला पडदेच नाहीत, तिथे प्रत्येक स्वर कानाने शोधायचा, म्हणून ते शिकायला इतकं कठीण आणि गायकाला इतकं जवळचं. आणि गणपतीत आपल्या गल्लीतून जातो तो बेंजो, म्हणजे बटणं असलेलं बुलबुल तरंग, त्याची रचना पेटीसारखीच असते. पण बटण तारेवर आपटतं, म्हणून जोर जास्त झाला की स्वर चढतो. चांगला बेंजोवाला हात हलका ठेवतो. लालबागच्या मिरवणुकीत इतक्या गोंगाटात कोमल गंधार नेमका लावणारे वादक मी ऐकले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता मुलाचं. त्याला एफ शार्प आणि जी फ्लॅट एकच आहेत असं सांगू नका. कीबोर्डवर बोट एकाच जागी पडतं, हे खरं. पण जिथे एफ शार्प लिहिलं आहे तिथे तो स्वर बहुधा जीकडे चढायला निघालेला असतो, आणि जी फ्लॅट लिहिलं असेल तिथे बहुधा एफकडे उतरायला. त्याच्याकडून तीच पट्टी एफ शार्प असलेल्या आणि जी फ्लॅट असलेल्या अशा दोन्ही स्केलमध्ये वाजवून घ्या आणि पुढचा स्वर वाजवण्याआधी त्याला तो गायला सांगा. तुम्ही शेजारी बसून तेच यमनच्या तीव्र मध्यमाने करा, पंचमाकडे जाताना आणि गंधाराकडे परतताना. त्याचा कीबोर्ड आणि तुमची पेटी एकाच षड्जावर आणा, पांढरी एक बरी पडेल, तुम्हालाही आणि त्यालाही. परीक्षेत मात्र त्याच्या पुस्तकात जे नाव छापलं असेल तेच त्याने लिहावं.